मिठांतली मोट

नांदगावच्या रेल्वे स्थानकाला एके काळीं निराळाच मान होता. मनमाडहून औरंगाबादकडे जाणारी आगगाडी १९०० सालीं सुरू झाली. त्यापूर्वीं वेरूळचीं लेणीं पाहावयास निघालेला प्रवासी नांदगावास उतरे व पुढची वाट टांग्यानें काटी. ज्या काळ्या दगडांत वेरूळचें कैलास लेणें कोरलेलें आहे, त्याच जातीचा दगड नांदगावच्या माळावर पसरला आहे. आणि त्याच दगडांत, पूर्वेस दूर बुलढाणा जिल्ह्यांत, उल्केच्या आघातानें लोणारचें विवर पडलें आहे. लेण्यांचा इतिहास आपण आवडीनें वाचतों. त्या विवरांत साठलेल्या खाऱ्या पाण्यालाही एक इतिहास आहे, आणि तो थेट आपल्या श्वासापर्यंत येऊन पोंचतो.

२०२० च्या जून महिन्यांत लोणारच्या तळ्याचें हिरवट पाणी एकाएकीं गुलाबी झालें. असा प्रकार घडला कीं कोणास तो चमत्कार वाटतो, कोणास अपशकुन. वनखात्यानें पाण्याचे नमुने तपासावयास दिले. पुण्याची आघारकर संशोधन संस्था, म्हणजे १९४६ सालीं ‘महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी’ म्हणून स्थापन झालेली संस्था, हिनें उलगडा केला तो असा: पातळी घटल्यानें पाण्याचा खारटपणा वाढला होता, व अशा पाण्यांतच फोफावणारे ‘हॅलोआर्किया’ नांवाचे सूक्ष्म जीव त्यांत माजले होते. नमुना स्थिर ठेवतांच हे जीव तळाशीं बसले आणि पाणी निवळलें.

हें कुळ व्यापाऱ्यांस जुनें परिचित आहे, पण शत्रु म्हणून. मिठागरें लाल करणारें, खारवलेले मासे व कातडीं नासविणारें तें हेंच. ज्या मिठानें इतर जीव सुकून मरतात, त्यांत हे कसे जगतात? देहाच्या पातळ पडद्यांत बसविलेल्या पंपांच्या बळावर ते सोडियमचे विद्युत्भारित कण अखंड बाहेर लोटतात आणि आंत पोटॅशियम सांठवितात. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत यांची गणना जंतूंतच होई. त्या सुमारास कार्ल वोस, जॉर्ज फॉक्स व त्यांचे सहकारी यांनीं यांची शाखाच वेगळी असल्याचें दाखविलें.

आतां थोडें मागें जाऊं. १९६१ सालीं पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञानें एक विलक्षण कल्पना मांडली. अन्नाच्या ज्वलनांतून मिळणारें बळ जीवपेशी कशी वापरते? मोट पाहिलेल्यांस त्याचें उत्तर सहज समजेल. बैल विहिरीचें पाणी थारोळ्यांत चढवितात. तें पाटानें खालीं उतरतांना वाटेंत चाक असेल तर तें फिरेल. तद्वत् पेशी प्रोटॉन पडद्यापलीकडे लोटते, व ते परततांना ‘एटीपी’ हें सर्व जीवांचें शक्तिद्रव्य तयार होतें. ही कल्पना बहुतेकांनीं दहा वर्षें मानली नाहीं. प्रकृतीच्या कारणानें एडिंबरो सोडून मिचेल कॉर्नवॉलमधील ग्लिन हाउस या जुन्या वाड्यांत राहिले, आणि तेथेंच लहानशी प्रयोगशाळा थाटून त्यांनीं काम चालू ठेवलें.

त्यांच्या मदतीस आला तो हा मासे नासविणारा जीव. १९७१ सालीं डीटर ऑस्टरहेल्ट व वाल्टर स्टोकेनियस यांस त्याच्या पडद्यावरील जांभळ्या भागांत ‘रेटिनल’ सांपडलें. ‘अ’ जीवनसत्त्वापासून होणारें हें द्रव्य तोंवर प्राण्यांच्या डोळ्यांतच ठाऊक होतें! ज्याला डोळा नाहीं त्याला तें कशाला? दोन वर्षांत उत्तर मिळालें: हा प्रकाशावर चालणारा प्रोटॉनचा पंप आहे.

मग १९७४ सालीं एफ्राइम रॅकर व स्टोकेनियस यांनीं निर्णायक प्रयोग केला. सोयाबीनच्या स्निग्धद्रव्याचे सूक्ष्म बुडबुडे करून त्यांत त्यांनीं हा जांभळा पंप व बैलाच्या हृदयांतून काढलेलें एटीपी घडविणारें यंत्र बसविलें. प्रकाश पडतांच एटीपी तयार झालें. मिठांतला जीव, शेतांतलें कडधान्य व गोठ्यांतला बैल यांच्यांत प्रोटॉनखेरीज दुसरा दुवाच नव्हता. १९७८ सालीं मिचेल यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

पंपाची रचनाही उलगडली. १९७५ सालीं केंब्रिजचे रिचर्ड हेंडरसन व नायजेल अन्विन यांनीं पडदा आरपार छेदणारे त्याचे सात पीळदार स्तंभ दाखविले. १९७९ सालीं हरगोविंद खोराना व त्यांचे सहकारी, आणि मॉस्कोंत ओव्हचिनिकोव्ह, यांनीं त्या प्रथिनाच्या २४८ घटकांचा क्रम लावला. स्तंभांच्या मधोमध रेटिनल जखडलेलें असतें. प्रकाशाचा कण शोषतांच तें वांकतें, व त्या हिसक्यानें एक प्रोटॉन बाहेर सुटतो. मग आंतून दुसरा येऊन त्याची जागा भरतो व रेटिनल पूर्ववत् होतें. ही एक फेरी सेकंदाच्या सुमारें शंभराव्या भागांत पुरी होते.

लोणारचा गुलाबी रंग आणि हा जांभळा पंप एकच नव्हेत. या कुळाची लाली मुख्यतः गाजराच्या रंगद्रव्याच्या जातीची असते. परंतु कुळ एक, आणि शिकवण एक. आपण घेतलेल्या प्रत्येक श्वासामागें अशीच मोट चालू असते, ही खात्री जगाला पटविली ती निरुपद्रवीही न मानलेल्या एका जीवानें. २०२० सालींच लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. त्या तळ्याचें खारेपण हेंच त्याचें धन आहे. त्यांत गांवचें सांडपाणी मिसळूं देणें म्हणजे न वाचलेली पोथी ओली करणें होय.