मातृभाषेचा रकाना

जनगणनेच्या प्रगणकांना जी सूचनापुस्तिका दिली जाते, तीत मातृभाषेच्या रकान्याविषयी एक छोटासा नियम आढळतो. मातृभाषा म्हणजे बालपणी आई ज्या भाषेत आपल्याशी बोलत असे ती भाषा, अशी व्याख्या प्रथम दिलेली असते. पुढे म्हटलेले असते की तान्ही मुले आणि मूकबधिर व्यक्ती यांच्या बाबतीत, आई सामान्यतः जी भाषा बोलते ती लिहावी. म्हणजे रामबागेतील किंवा लोकमान्यनगरातील एखाद्या मराठी घरात जन्मतः ठार बहिरे मूल असेल, तर त्याच्या नावापुढे ‘मराठी’ अशी नोंद होणार. ज्या भाषेतील एकही शब्द त्याच्या कानी पडला नाही, ती त्याची मातृभाषा ठरणार. या नियमात कोणाचा दोष काढावा असा आमचा हेतू नाही. प्रगणकाला काहीतरी लिहिणे भागच असते. परंतु वाढत्या, लग्न करणाऱ्या, नोकरी करणाऱ्या माणसाला तान्ह्या मुलाच्या पंक्तीस बसविणारा हा नियम आपल्या समाजाच्या एका जुन्या समजुतीचा आरसा आहे. त्या समजुतीचा विचार येथे करावयाचा आहे.

मातृभाषा हा शब्द माळव्यातील मराठी कुटुंबांना विशेष जिव्हाळ्याचा आहे. होळकरांबरोबर अठराव्या शतकात आपले पूर्वज इकडे आले. 1915 साली इंदुरात महाराष्ट्र साहित्य सभा स्थापन झाली. 1917, 1935 आणि 2001 अशी तीन वेळा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने या नगरीने भरविली. शाळा हिंदी, बाजार हिंदी, कचेरी हिंदी. तरीही घरात मराठी टिकली. ती टिकली कशी? आजीच्या गोष्टींनी, गणपतीपुढच्या आरत्यांनी, नाटकांनी, कीर्तनांनी, ओट्यावरच्या गप्पांनी. ही सगळी शिदोरी कानाच्या वाटेने आली. आता त्याच घरातील बहिऱ्या मुलाचा विचार करावा. आरती चालू असता त्याला टाळ्या दिसतात, ओठ हलताना दिसतात, निरांजनाची ज्योत दिसते. पण आपण मराठी आहोत म्हणजे काय, हे त्याला कोण आणि कशाने सांगणार?

आपल्या परंपरेने या माणसाकडे फार काळ उणेपणानेच पाहिले. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मतः बहिरे आणि मुके यांना वारसाहक्कातून वगळले आहे. त्यांचे पोषण करावे, पण हिस्सा देऊ नये. ब्रिटिश हिंदुस्थानात 1928 च्या कायद्याने ही अपात्रता मोठ्या अंशी काढून टाकली आणि 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने कोणत्याही व्यंगामुळे वारसा नाकारता येणार नाही असे स्पष्ट केले. इस्टेटीचा वारसा अशा रीतीने मिळाला. भाषेच्या वारशाचे काय, हा प्रश्न मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. ‘मूकबधिर’ हा शब्दही तपासून पाहण्यासारखा आहे. बहुतेक बहिऱ्या माणसांचे वाचेचे इंद्रिय निरोगी असते. ऐकू न आल्यामुळे बोलणे येत नाही, इतकेच. म्हणून मराठीत आता ‘कर्णबधिर’ शब्द रूढ झाला आहे. इंदुरात हिंदीच्या प्रभावाने जुनाच शब्द संस्थांच्या पाट्यांवर आणि आपल्याही तोंडी आहे.

हातांनी बोलणे आपल्या परंपरेला अगदीच परके नव्हते. ‘करपल्लवी’ हा शब्द जुन्या वाचकांच्या परिचयाचा असेल. सर्पाच्या फणेसारखा हात केला की स्वर, कमळासारखा केला की क-वर्ग, चक्र दाखविले की च-वर्ग, आणि मग बोटांच्या संख्येने वर्गातील नेमके अक्षर, अशी ती युक्ती. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांतही मुठीबोटांनी अक्षरे सुचविण्याची कला येते. परंतु करपल्लवी ही भाषा नव्हे, लिपी होय. ज्याला मराठी आधीच येते, तोच ती वापरू शकतो. बहिऱ्या माणसांची सांकेतिक भाषा याहून निराळी आहे. ती कोणत्याही बोलभाषेची हस्तलिखित प्रत नव्हे. तिचे शब्द स्वतंत्र, व्याकरण स्वतंत्र.

भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नवाचक शब्द वाक्याच्या अखेरीस येतो, नकारही अखेरीस येतो. भुवया उंचावणे, मान हलविणे, खांदा वळविणे ही व्याकरणाचीच अंगे असतात. ‘पुरुष’ म्हणताना बोट मिशीच्या जागी जाते आणि ‘स्त्री’ म्हणताना नाकपुडीशी, जेथे चमकी किंवा नथ असते तेथे. ही खूण पॅरिसमध्ये अथवा न्यूयॉर्कमध्ये जन्मली नसती. ती या भूमीतच जन्मली. बोटांनी लिहिण्याची दोन्ही हातांची इंग्रजी मुळाक्षरे मात्र विलायतेच्या पद्धतीशी नाते सांगतात. म्हणजे आपल्या मराठीत जसे संस्कृत, फारसी, इंग्रजी यांचे थर आहेत, तसेच या भाषेतही इतिहासाचे थर आहेत.

हा इतिहास सुरळीत नाही. 1880 साली इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे जवळजवळ सर्व ऐकू येणाऱ्या प्रतिनिधींनी ठराव केला की शाळांतून खुणांची भाषा वर्ज्य करावी आणि मुलांना ओठ वाचून बोलावयास शिकवावे. यानंतर थोड्याच वर्षांत, त्याच दशकात, मुंबईत बिशप लिओ मेउरिन यांच्या प्रयत्नाने बधिरांची शाळा निघाली. कलकत्त्याची 1893 साली आणि पाळयमकोट्टईची त्यानंतर. पुढे देशभर निघालेल्या बहुसंख्य शाळांनी बोलण्यावरच भर दिला. वर्गात हात बांधून बसावयाचे, आणि वसतिगृहात, मैदानावर, जेवणाच्या पंगतीत ते मोकळे सोडावयाचे, असा क्रम पिढ्यानुपिढ्या चालला. भाषा जगली ती या मोकळ्या वेळात. थोरल्या मुलांनी ती धाकट्यांना दिली. 2010 साली व्हँकुव्हर येथे अशाच परिषदेने मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. मध्ये 130 वर्षे गेली होती.

विद्वानांचे लक्षही उशिराच गेले. अमेरिकेत विल्यम स्टोको यांनी 1960 साली खुणांच्या भाषेची संरचना शास्त्रीय रीतीने मांडली. भारतात मदन वशिष्ठ आणि त्यांचे अमेरिकन सहकारी यांनी 1970 च्या दशकाअखेर काम सुरू केले. वशिष्ठ हे स्वतः बधिर, हिमाचलातील एका खेड्यातून आलेले. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि बंगळूर येथील खुणांत पुष्कळ भेद असले तरी मूळ भाषा एकच, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे उलरिके झेशान या जर्मन विदुषीने कराची आणि दिल्ली येथील खुणांचा तौलनिक अभ्यास केला. दोहोंचे व्याकरण तिला इतके समान आढळले की 2000 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिने ‘भारत-पाकिस्तानी सांकेतिक भाषा’ असा एकच शब्द योजला. 1947 ची फाळणी या भाषेला दुभंगू शकली नाही.

या भाषेभोवती जो समाज उभा राहतो, त्याची काही रीत असते. दुसऱ्याचे लक्ष वेधावयाचे तर दिवा उघडमीट करावयाचा किंवा जमिनीवर पाय आपटावयाचा. टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवावयाचे. बसावयाचे ते गोल करून, म्हणजे सर्वांना सर्वांचे हात दिसतील. प्रत्येकाला समाजाकडून खुणेचे नाव मिळते: गालावरची खळी, कपाळावरचा व्रण, बोलण्याची एखादी लकब यावरून. आईबापांनी ठेवलेले नाव कागदोपत्री राहते. हे नाव मित्रांत चालते. दहांपैकी नऊ बधिर मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, असे जगभरचा अनुभव सांगतो. म्हणून हा वारसा आईकडून लेकराकडे न येता सवंगड्याकडून सवंगड्याकडे जातो. आपल्या मराठीची वाट याच्या बरोबर उलट: शाळेने दिली नाही, घराने दिली.

येथे एक विवेक राखावयास हवा. उतारवयात ज्यांना कमी ऐकू येऊ लागते त्यांची भाषा मराठीच असते. त्यांना हवे असते ते श्रवणयंत्र, समोर बसून सावकाश बोलणारी सून किंवा नातू, आणि सभेत पुढची खुर्ची. काही मुलांना यंत्राने अथवा कॉक्लियर शस्त्रक्रियेने बोलभाषा साधते. ती मुलेही आपलीच. जे बोलतात ते पुढारलेले आणि जे खुणा करतात ते मागासलेले, ही प्रतवारी मात्र टाकून द्यावयास हवी.

आमच्या इंदूरने या विषयाचा एक धडा अगदी जवळून पाहिला आहे. सात-आठ वर्षांची एक बधिर मुलगी समझौता एक्स्प्रेसमध्ये लाहोरला सापडली. कराचीच्या ईधी फाउंडेशनने तिला सांभाळले. बिल्कीस ईधी यांनी तिचे नाव गीता ठेवले आणि तिच्यासाठी देवदेवतांच्या तसबिरीही आणविल्या. 26 ऑक्टोबर 2015 रोजी ती भारतात परतली आणि तिला इंदूरच्या मूकबधिर संघटन या संस्थेत आणण्यात आले. पुढची साडेपाच वर्षे तिच्या आईबापांचा शोध चालला. बिहारमधील ज्या कुटुंबाची ती असावी असे वाटले, त्याच्याशी जनुकीय चाचणी जुळली नाही. गावाचे नाव तिला सांगता येत नव्हते. ते येणार तरी कसे? नाव ही कानाने शिकावयाची गोष्ट. तिच्याजवळ होती ती चित्रे: नदीकाठचे देऊळ, जवळ रेल्वेचे स्थानक, उसाची शेते. सांकेतिक भाषा जाणणाऱ्या इंदूरच्या कार्यकर्त्यांनी ही चित्रे तिच्या हातांतून वाचली आणि त्यांच्या आधारे गोदावरीकाठ धुंडाळला. मार्च 2021 मध्ये मराठवाड्यात तिची आई सापडल्याचे वृत्त आले. मुलीचे मूळ नाव राधा. घराची भाषा मराठी.

आता तिच्या मातृभाषेचा रकाना भरून पाहावा. 2011 ची शिरगणती झाली तेव्हा ती कराचीत होती. 2021 पूर्वी आई कोण हेच ठाऊक नव्हते. त्यानंतर नियमाप्रमाणे ‘मराठी’. पण तिचे गाव तिला परत मिळाले ते मराठीने नव्हे, उर्दूने नव्हे, हिंदीनेही नव्हे. कोणी तिचे हात वाचू शकले म्हणून मिळाले. लहानपणीच तिच्या गावात, घरात कोणी तिच्याशी या भाषेत बोलू शकते, तर ती आपला पत्ता कदाचित लाहोरच्या फलाटावरही सांगू शकली असती. परंतु तो तेथे वाचणाराही कोणी हवा होता. इंदूरच्या तुकोगंज पोलीस ठाण्यात बधिरांसाठी साहाय्य केंद्र चालविले गेले, त्याचे महत्त्व यावरून ध्यानात यावे. फिर्याद देणाऱ्याचे हात जेथे वाचले जात नाहीत, तेथे न्यायही बहिराच राहतो.

शासनाने काही पावले टाकली आहेत. 28 सप्टेंबर 2015 रोजी दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या कोशात 2018 साली 3,000 शब्द होते, 2021 साली ते 10,000 झाले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या साधनांत या भाषेची गणना केली. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तिच्या प्रमाणीकरणाचा उल्लेख केला. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील 22 भाषांत मात्र तिला अद्याप स्थान नाही. 2011 च्या जनगणनेने देशात श्रवणदोष असलेल्या सुमारे 50 लाख व्यक्ती मोजल्या; त्या व्यंगाच्या रकान्यात मोजल्या गेल्या, भाषेच्या नव्हे.

रकाने दिल्लीत आखले जातात. घर मात्र आपल्या हाती आहे. तीन शतके परमुलखात राहून भाषा राखणाऱ्या कुटुंबांना हे निराळे सांगावयास नको की अल्पसंख्याची भाषा दुसऱ्याच्या दयेवर जगत नाही, ती बोलणाऱ्यांच्या संख्येवर जगते. आपल्या घराण्यात, वाड्यात, मंडळात असे मूल असेल, तर त्याला मराठी लिहावाचावयास अवश्य शिकवावे; त्याने आपली पत्रे, आपली पुस्तके वाचावीत. पण त्याआधी त्याच्या आईने, आजोबांनी, चुलत भावंडांनी त्याची भाषा शिकावी. गणेशोत्सवातील एखादा कार्यक्रम, साहित्य सभेतील एखादे व्याख्यान दुभाष्यासह व्हावे. कथेतील विनोदाला सारी सभा हसत असता एकजण शेजाऱ्याकडे पाहून हसतो, हे चित्र आपल्या मंडपात तरी दिसू नये. मग प्रगणक येईल तेव्हा त्या घरातील आईला ‘मराठी, आणि हातांचीही’ असे उत्तर देता येईल. रकाना एकच असेल, तर त्याने तो कसा भरावयाचा हे त्याचे त्याने पाहावे.