आजीचें पंचांग

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. परंतु एखाद्या गोष्टीचें साल सांगतांना तिचें कधीं अडलें नाहीं. इसवी सनाशीं तिला कर्तव्य नव्हतें. मानमोडी, सारडा, रेशन, पानशेत, भूकंप आणि दुष्काळ हीं तिच्या पंचांगांतील सालें. ती स्वतः मानमोडींतली, माझे वडील रेशनच्या अगोदरचे आणि मी पानशेतचा. कोणीं माझें वय विचारलें कीं ती सांगे, "धरण फुटलें आणि हा आला, तेव्हांपासून घरांत पाणी पुरत नाहीं!"

श्रोतेहो, आजी जाऊन तीस वर्षें होऊन गेलीं. मी जन्मभर मुलांना इतिहास शिकविला. आज मात्र तिनें मला शिकविलेल्या इतिहासाविषयीं चार शब्द सांगणार आहें.

तिचीं सालें तपासून पाहिलीं तर तीं अचूक निघतात. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचेंही फुटलें आणि पुणें शहराचा नदीकांठ पाण्याखालीं गेला. ज्या शहरांत पूर आला त्याच शहराला पुढें प्यावयास पाणी मिळेना, कारण तें खडकवासल्याहून येत असे. माझ्या जन्मावरील तिच्या थट्टेंत एवढा अर्थ भरलेला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनेचा भूकंप झाला, तो तिच्या शब्दांत "भांडीं आपण होऊन खालीं उतरलीं तो दिवस". १९७२ च्या दुष्काळांत अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो जोंधळी घरोघर शिजली. तिची भाकरी थापतांना मोडली म्हणजे आजी म्हणे, "हिला अजून मराठी समजत नाहीं, दोष तिचा नव्हे!"

सारडा म्हणजे तिचें लग्न. हरबिलास सारडा यांच्या प्रयत्नानें १९२९ सालीं बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. मुलीचें वय निदान चौदा वर्षांचें असावें, असें त्यांत ठरलें. अंमल १ एप्रिल १९३० पासून होणार होता. म्हणून त्यापूर्वीं मुलींचीं लग्नें उरकून घेण्याची देशभर एकच घाई उडाली. आजी सांगे, "सारडासाहेब वेशींत यायच्या आंत बाबांनीं मला मुंडावळ्या बांधल्या. मला नुकतें अकरावें सरलें होतें. मी मांडवांतच झोपलें. सासूबाईंना वाटलें, सून फार शांत आहे. पुढें त्या जन्मभर पस्तावल्या!"

आतां मानमोडी. मी नुकताच शिक्षक झालों होतों. घरीं पाहुणे बसले असतां आजीनें, पहिल्या जर्मन लढाईच्या शेवटीं गांवांत मानमोडी कशी आली, ती गोष्ट काढली. मीं तिला मध्येंच अडवून म्हटलें, "आजी, त्या सालीं लढाई संपली, एवढेंच पुस्तकांत आहे. तुझी मानमोडी त्यांत कोठेंच नाहीं." ती हंसून म्हणाली, "तुझ्या पुस्तकाला कधीं ताप आला नसेल, बाळ!" सगळे हंसले; मीही हंसलों. पुस्तकावरील माझा विश्वास मात्र ढळला नाहीं.

त्या गोष्टींत तिचें एक वाक्य ठरलेलें असे : "मी तीन घरचें दूध प्यालें. एकीचा राग घेतला, एकीचें तोंड घेतलें आणि एकीचें हंसूं." आम्ही नातवंडें मग तिचें तोंड कोणत्या घरचें, यावर वाद घालीत असूं.

तिच्या मृत्यूच्या नोंदींत वय लिहावयाचें होतें. दाखला एकही नव्हता. मीं सारडा कायद्यावरून मागें मोजलें, तों जन्मसाल १९१८ निघालें. वय ७६ लिहिलें आणि बाहेर पडलों.

पुढें २०२० सालीं करोनाच्या साथींत घरीं बसून असतां १९१८ च्या इन्फ्लुएंझाविषयीं वाचण्यांत आलें. तीच मानमोडी. मुंबई इलाख्यांत ती त्या सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत कळसास पोंचली. पावसानें दगा दिल्यामुळें धान्यही महागलेलें होतें. हिंदुस्थानांत सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत माणसें दगावलीं असावींत, असे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ या दशकांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली. आणि बळी पडलीं तीं विशेषेंकरून विशीं-चाळिशींतलीं माणसें. त्यांतही स्त्रिया अधिक.

त्या ओळीपाशीं मी थांबलों. तान्ह्या मुलीला तीन घरचें दूध कां लागावें, हा प्रश्न मीं चाळीस वर्षांत एकदांही विचारला नव्हता. वडिलांच्या आजोळच्या एका वृद्ध नातलगाला विचारलें, तेव्हां कळलें : आजी महिन्याची असतांना तिची आई मानमोडींत गेली. आजी जिला आई म्हणे, ती वडिलांची दुसरी पत्नी.

तिनें हें कधीं सांगितलें नाहीं. सांगितलें तें दुधाचें, आणि तेंही आम्ही हंसावें अशा बेतानें. ज्या तीन बायांनीं, घरोघर आजारी असतांना, परक्या मुलीला पदराखालीं घेतलें, त्यांचीं नांवें तिला ठाऊक असलीं पाहिजेत. मीं तीं विचारलीं असतीं तर तिनें आनंदानें सांगितलीं असतीं. पण मी त्या वेळीं तिची चूक दुरुस्त करण्यांत गुंतलों होतों.

ज्यांच्या घरीं आजी अद्याप आहे, त्यांनीं आज रात्रीं तिच्याजवळ बसावें आणि ती हंसून जें सांगते तेंच तिला पुन्हां एकदां विचारावें.