पत्रिकेवरील सोनेरी छपाई

लग्नपत्रिकेवरील झळाळत्या सोनेरी अक्षरांत सोने नसते, शाईही नसते. पॉलिएस्टरच्या पातळ पट्टीवर रंगीत रोगणाचा, त्यावर अॅल्युमिनियमचा आणि शेवटी चिकट थर असतो. पिवळसर रोगणामुळे अॅल्युमिनियम सोन्यासारखे दिसते. ही पट्टी, म्हणजेच फॉइल, तापवलेल्या धातूच्या ठशाने कागदावर दाबली जाते व ठशाखालचा भाग तेवढा चिकटतो. प्रत्येक मजकुरासाठी ठसा स्वतंत्र घडवावा लागतो. पन्नासच पत्रिका छापणाऱ्यास दर चढा पडतो तो यामुळेच.

कसोटी लागते ती बारीक देवनागरी अक्षरांची. उष्णता अधिक झाल्यास पोकळ्या बुजून ‘ब’ आणि ‘व’ सारखेच दिसू लागतात. कमी पडल्यास अनुस्वार उडतो. वधूचेच नाव असे बिघडले तर सारी झळाळी व्यर्थ! खरखरीत हातकागदावर हा धोका अधिक असल्याने तेथे ठळक, मोकळी अक्षरे निवडावीत आणि त्याच कागदावरचा नमुना आधी पाहून घ्यावा.