पाळी कोणाची? : ‘द बनियन डीअर’ आणि जातककथेचे रूपांतर

मराठी मुलखाचे चलत्‌चित्राशी नाते जुने आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास पडद्यावर आगकाड्या नाचवल्या, ‘प्रभात’ने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ काढला. प्राचीन कथेचे रंगीत रूपांतर म्हणून मात्र मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनचा ‘द बनियन डीअर’ (१९५७) हा लघुपट वेगळा विचार मागतो.

फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ च्या सुमारास कार्टून विभाग उभा राहिला. प्रशिक्षणासाठी डिस्नेकडचे क्लेअर वीक्स आले. ‘बॅम्बी’ (१९४२) या हरिणपाडसाच्या चित्रपटावर त्यांनी काम केले होते. राम मोहन, जी. के. गोखले ही मंडळी याच विभागातली. लघुपटाची रेषा आणि रंग यांची प्रेरणा अजिंठ्याची. अजिंठ्यात चित्र स्थिर असते आणि पाहणारा भिंतीलगत चालतो. येथे पाहणारा बसलेला आणि चित्र धावणारे. कथेची गती पाहणाऱ्याच्या हातून निसटते, ती येथेच.

मूळ कथा न्यग्रोधमृग जातकातली. वाराणसीच्या राजाला रोज मृगमांस हवे. शिकारीच्या धांदलीत अनेक हरणे विनाकारण घायाळ होतात, म्हणून दोन्ही कळप पाळी ठरवतात : रोज एकाने वधस्थानी जायचे. शाख कळपातल्या गाभण हरिणीची पाळी येते. तिचा नायक पाळी बदलायला नकार देतो. न्यग्रोध नायक तिच्या जागी स्वतः मान ठेवतो. राजा द्रवतो.

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पाटपाण्यालाही ‘पाळी’ असते. वर्गात ही कथा शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, शाख चुकला कुठे? एकीला सूट दिली, तर दुसऱ्या कोणाची तरी मान जाणारच ना?” रेहेकुरीच्या माळावरची काळविटे पाहत वाढलेल्या मुलीचा हा प्रश्न भाबडा नव्हता. पाळी मुळात दयेपोटीच ठरली होती. नियम न्याय्य असूनही क्रूर ठरू शकतो, हा कथेचा खरा पेच आहे.

जातकाची चौकट हा पेच अधिक तीव्र करते. प्रव्रज्येपूर्वीच गर्भ राहिलेल्या एका भिक्षुणीला बदनामीच्या भयाने देवदत्त घालवून देतो. बुद्ध चौकशी उपालीकडे सोपवतात, उपाली विशाखेला बोलावतो आणि भिक्षुणी निर्दोष ठरते. कथेअखेर नाती जुळतात : शाख म्हणजे देवदत्त, हरिणी म्हणजे ती भिक्षुणी. बुद्धांनी नियम मोडला नाही, धुडकावलाही नाही. तो लावण्यापूर्वी त्या बाईचे म्हणणे तपासले. दुर्गा भागवतांच्या ‘सिद्धार्थ जातका’मुळे ही चौकटीसह कथा मराठीत वाचता येते.

लघुपट मात्र हरिणांच्या कथेपुरता राहतो. चौकट गळाली की संघाच्या न्यायाचा प्रश्नही गळतो, उरते ती राजाच्या हृदयपरिवर्तनाची गोष्ट. डोळे पाणावतात, पण शाखाच्या नकाराशी भांडावेसे वाटत नाही. लघुपटाला कथेचा विस्तार पेलणार नाही, हे मान्य. तरी रूपांतराने काय गाळले याची किंमत मोजणे हे समीक्षेचे काम आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना लघुपट अवश्य दाखवावा, पण जातक वाचून झाल्यावर. नाहीतर हरिणीची दया येईल आणि भिक्षुणी विस्मरणात जाईल.