संगणकाचीं धुळाक्षरें

अमक्याला संगणक येतो असें आपण सहज म्हणतों. पण येतो म्हणजे नेमकें काय येतें? लिहिणें-वाचणें कशास म्हणावें याविषयीं फारसा वाद होत नाहीं. संगणकाच्या अक्षरओळखीचा अर्थ मात्र थोड्याच काळांत पार पालटला आणि त्याबरोबर शिकणाऱ्याच्या हातीं येणारी विद्याहि पालटली.

या शिकवणीचा एक मोठा प्रयोग ध्वनिक्षेपण करणाऱ्या संस्थेनेंच केला, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. 1978 सालीं बीबीसीच्या एका दूरचित्रवाणी-कार्यक्रमानें सूक्ष्म चिपांमुळें कोणकोणते धंदे बुडतील याचें चित्र दाखविलें व ब्रिटनमध्यें खळबळ उडाली. त्यावर उपाय म्हणून या संस्थेनें सामान्य जनांस संगणक शिकविण्याचें मनावर घेतलें. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून खास यंत्र करवून घेतलें आणि जानेवारी 1982 पासून दहा भागांची पाठमाला सुरू केली. सुमारें 12,000 यंत्रें खपतील असा अंदाज होता. खपलीं 15 लाखांच्या घरांत! त्याच्या ‘ब’ नमुन्याची स्मृति अवघी 32 किलोबाइट. आज एक छायाचित्रहि तींत मावावयाचें नाहीं. परंतु यंत्र सुरू करतांच पडद्यावर एक खूण येई आणि तें आज्ञेची वाट पाहत बसे. आज्ञा द्यावयाची ती ‘बेसिक’ भाषेंत. ही भाषा 1964 सालीं अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत केमेनी व कुर्ट्झ या गणितज्ञांनीं, शास्त्रशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांसहि यंत्र वापरतां यावें म्हणून, निर्माण केली होती. पहिल्या ओळींत ‘माझें नांव छाप’, दुसरींत ‘पुन्हां पहिलीकडे जा’ एवढें लिहिलें कीं नांवांनीं पडदा भरून जाई. पोराला तेवढ्यांत कळे कीं हें यंत्र सांगितल्यावांचून कांहीं करीत नाहीं, आणि सांगितलें तर थांबतहि नाहीं.

हींच यंत्रें 1984 सालीं ‘क्लास’ योजनेंतून भारतांतील सुमारें 250 शाळांत आलीं. आज्ञा सगळ्या इंग्रजी, यंत्रें मोजकीं; तरीहि शिकवण्याची कल्पना तीच होती.

पुढें कचेरीनें शाळेला मागें टाकलें. 1990 च्या ‘विंडोज 3.0’ मध्यें पत्त्यांचा एक डाव होता. माउसनें वस्तु धरून ओढण्याचा सराव त्यानें नवशिक्यांस नकळत घडविला. कारकुनांस पत्ते खेळावयास लावणारी ही पहिलीच पाठशाळा असावी! आतां यंत्राला नवें कांहीं सांगावयाचें नव्हतें; दुसऱ्यानें रचलेल्या सोयी कोठें आहेत हें शिकावयाचें होतें.

महाराष्ट्रांत ही शिकवणी घरोघर पोंचली ती ‘एमएस-सीआयटी’मुळें. 2001 मध्यें स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळानें हा अभ्यासक्रम 2002 मध्यें सुरू केला. पुढें एक कोटीहून अधिक लोक त्यांतून गेले. पत्र टंकित करणें, तक्त्यांत बेरीज मांडणें, ई-मेल पाठविणें, एवढाच मामला. अनेक सरकारी पदांसाठीं प्रमाणपत्र लागूं लागलें आणि पन्नाशीचे कारकूनहि केंद्रांत येऊन बसले. याला नांवें ठेवणें सोपें आहे. पण मोठ्या शहरांतील खासगी वर्गाची फी ज्यांना झेपत नव्हती, अशा तालुक्याच्या गांवच्या मुलींना नोकरीचें दार याच वर्गानें उघडून दिलें, हें विसरून चालणार नाहीं. उणीव होती ती निराळीच. ‘ऑफिस 2007’ मध्यें जुन्या मेनूंच्या जागीं बटणांची रुंद पट्टी आली, तेव्हां जागा पाठ केलेल्यांची पंचाईत झाली. तक्ता कशासाठीं मांडावयाचा हें समजलेल्यांचें फारसें अडलें नाहीं.

इंग्लंडांतहि हाच अनुभव आला. शाळेंतील विषय कचेरीच्या सॉफ्टवेअरपुरता उरला, अशी टीका रॉयल सोसायटीनें 2012 च्या अहवालांत केली आणि 2014 पासून पांच वर्षांच्या मुलांपासून पुन्हां यंत्राला आज्ञा देण्याचे धडे सुरू झाले. भारताच्या 2020 च्या शैक्षणिक धोरणांतहि सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगला जागा मिळाली. तालुक्याच्या केंद्रांत मात्र पत्राचे व तक्त्याचे धडे चालूच राहिले. तेथें येणाऱ्याला उद्यांच नोकरीचा अर्ज भरावयाचा असतो.