सायनोबॅक्टेरिया, गोड्या पाण्यातील : नव्या जातींची ओळख व वर्गीकरण

प्रकाशसंश्लेषण करून ऑक्सिजन सोडणारे जीवाणू. नील-हरित शैवले हे त्यांचे जुने नाव अजून रूढ आहे. परंतु पेशीत केंद्रक नसल्याने त्यांची गणना जीवाणूंत होते.

आढळ : तलाव, बोड्या, ओलसर माती, धानाच्या बांध्या. गोंदिया जिल्ह्यात दवनीवाड्यासारख्या धानपट्ट्यातील गावांत आणि माजी मालगुजारी (मामा) तलावांच्या काठी असा अधिवास मुबलक आहे. धानाच्या शेतात हे जीव हवेतील नायट्रोजन स्थिर करतात, हे प. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिले.

बाह्यरूप : नॉस्टॉक या प्रजातीचे गोळे भिजलेल्या साबुदाण्यासारखे बुळबुळीत लागतात. गोळा काचपट्टीवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास वळणावळणाचे तंतू दिसतात. त्यांत मधूनमधून जाड भित्तीची, फिकट पेशी असते. तिच्या टोकांशी चकाकणारे ठिपके दिसतात. हीच नायट्रोजन स्थिर करणारी हेटरोसिस्ट. तिचे स्थान, टिकाऊ बीजाणूंचा (अकिनीट) आकार, तंतूचे फाटे आणि आवरण यांवर जुने वर्गीकरण उभे होते. टी. व्ही. देशिकाचारी यांचा ‘सायनोफायटा’ (१९५९) हा ग्रंथ भारतात आजही ओळखीसाठी प्रथम उघडला जातो.

बहुपदरी पद्धत : संवर्धनात रूप पालटते आणि दूरचे जीवही सारखे दिसतात, म्हणून केवळ रूपावर विसंबता येत नाही. नमुना बीजी-११ या पोषक माध्यमात वाढवून एकच वाण वेगळा करतात. मग १६एस आरआरएनए जनुकाचा अनुक्रम ताडून पाहतात. साम्य सुमारे ९८.७ टक्क्यांहून कमी असल्यास जाती वेगळी असण्याची शक्यता धरतात. मात्र हा आकडा एकटा निर्णायक मानू नये, असे बहुतेकांचे मत आहे. १६एस व २३एस या जनुकांमधील पट्ट्याच्या घड्याही पाहतात. कोमारेक व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अशा बहुपदरी पायावर आठ गण मांडले. पुढे त्यांत फेरबदल झाले.

उदाहरण : २०१७ मध्ये नॉस्टॉक थर्मोटॉलरन्स या नावाने वर्णिलेली भारतीय जाती २०१९ मध्ये देशिकाचारींच्या स्मरणार्थ स्थापलेल्या डेसिकाचार्या या नव्या प्रजातीत हलवण्यात आली. रूपाने ती नॉस्टॉकच वाटते. वंशवृक्षात मात्र तिची फांदी निराळी आहे.

नामकरण : या जीवांना नाव देताना दोन संहिता वापरात आहेत. वनस्पती-संहितेत वाळवलेला वा निष्क्रिय केलेला नमुना आधारभूत धरतात. जीवाणू-संहितेत दोन देशांतील संग्रहांत जिवंत संवर्ध ठेवावा लागतो.

विषारी फुलोरे : पाण्यावर दाट फुलोरा आणणाऱ्या मायक्रोसिस्टिस या प्रजातीच्या काही वाणांत यकृताला घातक विष असते. असे वाण केवळ रूपावरून ओळखता येत नाहीत, म्हणून येथेही जनुकीय तपासणी लागते.

महाराष्ट्रातील अभ्यास : ना. द. कामत यांनी कोल्हापूर, मराठवाडा व विदर्भ येथील शैवलांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. त्या मुख्यतः रूपावर आधारलेल्या असल्याने त्यांतील जातींची जनुकीय फेरतपासणी अगत्याची आहे. नमुना घेणाऱ्याने ‘विदर्भ’ एवढेच न लिहिता गाव, तलाव वा बांधी आणि तारीख नोंदवावी व जिवंत संवर्ध जपावा. त्यावाचून पुढच्या अभ्यासकाला पडताळा घेता येत नाही.