‘आपण काय उंदीर आहोत का?’

गेल्या महिन्यात आमच्या एका नातेवाइकाला डॉक्टरांनी विचारलं, कॅन्सरच्या नव्या औषधाच्या चाचणीत येता का? घरातून एकच उत्तर आलं, ‘आपण काय उंदीर आहोत का?’ मला एकदम टस्कीगी आठवलं. डिप्लोमाच्या वर्गात सरांनी ती बातमी शिकवली होती.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं मेकन काउंटी. १९३२ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० काळ्या पुरुषांना जमवलं. बहुतेक बटईने शेती करणारे गरीब. ३९९ जणांना सिफिलिस होता. सांगितलं काय, तर ‘तुमचं रक्त खराब आहे’. मोफत तपासणी, जेवण आणि मेल्यावर अंत्यविधीचा खर्च मिळणार. रोग कोणी टोचला नव्हता, तसा गैरसमज आजही आहे. पण झालं ते कमी वाईट नव्हतं. उपचार न करता रोग माणसाला कसा खातो, हे फक्त बघत बसले. मणक्यातून पाणी काढायचे, तेही ‘खास मोफत उपचार’ म्हणून! १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं, तेही दिलं नाही.

असं ४० वर्षं चाललं. पीटर बक्सटन या खात्यातल्याच माणसाने माहिती बाहेर दिली, जीन हेलर या पत्रकार बाईंनी २५ जुलै १९७२ ला बातमी फोडली आणि प्रयोग बंद पडला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये. तोवर फक्त ८ जण उरले होते.

आता आजचं बघा. प्रोस्टेट कॅन्सरने मरण्याचं प्रमाण तिथल्या काळ्या पुरुषांत गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट. तरी औषधांच्या चाचण्यांत ते फार कमी दिसतात. मग औषध त्यांना कितपत लागू पडतं, कळणार कसं?

‘त्यांचा विश्वासच नाही’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण २००६ मध्ये २० अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दिसलं की विचारल्यावर काळे लोकही जवळपास गोऱ्यांइतकेच हो म्हणतात. म्हणजे खोट विचारण्यातही आहे. लॉस एंजेलिसमध्ये तर रक्तदाबाचा अभ्यास थेट ५२ न्हाव्यांच्या दुकानांत नेला. ३१९ काळे पुरुष सामील झाले, रक्तदाबही उतरला. ओळखीच्या खुर्चीत, ओळखीच्या माणसाने विचारलं होतं ना!

चाचणीला हो म्हणा, असं मी सांगत नाही. नातेवाइकाला एवढंच सांगितलं: विचारा. नेहमीचा उपचार मिळणार का? मधेच बाहेर पडता येईल का? कागद मराठीत द्याल का? हे प्रश्न विचारायचा हक्क जगात रुजला, त्यात त्या ६०० जणांनी भोगलेल्याचा मोठा वाटा आहे. निदान तो वापरू तरी.